मिनेसोटातल्या अंगणात कोणता स्प्रूस लावावा, आणि कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिनिआपोलिसच्या पश्चिमेला, नव्या वसाहतीत घर घेतलेलं एक मराठी कुटुंब. परसाच्या वायव्येला मोकळं शेत, त्यामुळे हिवाळ्यातला वारा सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीवर येतो. आडोशाला बारमाही हिरवं झाड हवं आहे. निळा कोलोराडो स्प्रूस (सुयांसारख्या पानांचं सूचिपर्णी झाड) मनात भरला आहे, पण पलीकडच्या जुन्या वसाहतीतले सगळे निळे स्प्रूस खालून बोडके झालेले दिसतात. नर्सरीत आठ फुटी झाड बघून ठेवलं आहे. कोणती जात, केवढं झाड, कुठे आणि कधी लावायचं? आणि पुण्याला आईच्या गच्चीत जो ‘ख्रिसमस ट्री’ आहे, तसा हा तिकडे वाढेल का?

मी दापोलीला उद्यानविद्या शिकले आणि गेली तेवीस वर्षं इथे ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनिआपोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत, घरांभोवती झाडं लावायचं काम करते. पहिल्या हिवाळ्यात पानगळीनंतर सगळं उघडंबोडकं झालं, तेव्हा बर्फात काळसर हिरवे उभे राहिलेले स्प्रूस बघून मला बरं वाटायचं. त्यामुळे हे झाड तुम्हाला का हवं आहे ते मला वेगळं सांगायला नको.

आधी सरळ उत्तर देते. ब्लॅक हिल्स स्प्रूस घ्या. तीन ते चार फुटांचा, आठ फुटी नाही. घरापासून निदान पंधरा ते वीस फूट लांब लावा. एप्रिलच्या अखेरीपासून मे संपेपर्यंत, नाहीतर ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत लावा. आणि लॉनच्या तुषारांचं पाणी त्याच्या अंगावर कधीही पडू देऊ नका. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

थंडीची काळजी तुम्ही करू नका. आपला परिसर अमेरिकेच्या शेतीखात्याच्या थंडीच्या नकाशात झोन ४ आणि ५ च्या सीमेवर येतो. झोन ४ म्हणजे हिवाळ्यातला नीचांक सरासरीने फार तर उणे ३० फॅरनहाइटपर्यंत उतरतो. ब्लॅक हिल्स स्प्रूस झोन २ मध्येही टिकतो, म्हणजे उणे ५० पर्यंत. एवढ्या वर्षांत नुसत्या थंडीने मेलेला एकही स्प्रूस मी पाहिलेला नाही. मेलेले पुष्कळ पाहिले. ते खोल पुरल्याने, पाणी साचल्याने, तहानेने किंवा बुरशीने मेले होते.

शेजारच्या वसाहतीतल्या निळ्या स्प्रूसांचं तसंच झालं असणार. कोलोराडो स्प्रूस मूळचा रॉकी पर्वतातला. चार्ल्स पॅरी या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो १८६२ मध्ये पाइक्स पीकच्या परिसरात सापडला. तिथली हवा उंचावरची आणि कोरडी. पाऊस पडून गेला की सुया तासाभरात वाळतात. आपल्याकडचा जून तुम्ही पाहिलाच आहे: दमट हवा, रात्रभर दव, आणि त्यात पहाटे चारला आपोआप सुरू होणारे लॉनचे तुषार. ऱ्हायझोस्फेरा नावाच्या बुरशीला हेच हवं असतं. वसंतात नवी सुई कोवळी असताना ती शिरते, पण त्या वर्षी बाहेर काहीच दिसत नाही. पुढच्या वर्षी थंडी सरता सरता त्या सुया जांभळट तपकिरी पडतात आणि उन्हाळ्यात गळतात. सुरुवात खालच्या फांद्यांपासून आणि आतल्या बाजूने होते, कारण तिथे वारा खेळत नाही आणि ओल सुकत नाही. लागोपाठ तीन-चार वर्षं सुया गळाल्या की ती फांदी मरते. बारा-पंधरा वर्षांनी झाड छत्रीसारखं दिसायला लागतं, वर हिरवं आणि खाली काड्या.

खात्री करून घ्यायची तर शेजाऱ्यांची परवानगी घेऊन एक तपकिरी सुई तोडा आणि भिंगाखाली धरा. निरोगी सुईवर पांढऱ्या ठिपक्यांच्या बारीक रांगा असतात. ती पानाची श्वासरंध्रं, मेणाने झाकलेली. ऱ्हायझोस्फेरा असेल तर त्याच रांगांत काळे ठिपके दिसतात. एकदा हे पाहिलंत की पुन्हा कोणाला विचारावं लागणार नाही. झाड लहान आणि मोलाचं असेल तर क्लोरोथॅलोनिल या बुरशीनाशकाची फवारणी करता येते: मे महिन्यात नव्या सुया अर्ध्या वाढल्यावर एकदा, पूर्ण वाढल्यावर पुन्हा, आणि असं लागोपाठ दोन वर्षं. गळलेल्या सुया परत येत नाहीत, फक्त नव्या वाचतात. चाळीस फुटी झाडावर ही फवारणी घरगुती पंपाने होत नाही आणि मी कोणाला ती सुचवतही नाही.

थोराड निळ्या स्प्रूसांना दुसरं दुखणं सायटोस्पोरा कँकरचं, हाही बुरशीचाच रोग. खालच्या एकेक फांद्या अख्ख्या मरतात आणि खोडावर-फांदीवर पांढरट राळेचे ओघळ वाळलेले दिसतात. याला फवारणी नाही. मेलेली फांदी कोरड्या हवेत कापून टाकायची, ओल्या दिवसांत कात्री लावायची नाही. दुष्काळाने थकलेल्या झाडांना हा कँकर जास्त गाठतो. २०२१ पासून इथे तीन उन्हाळे ओळीने कोरडे गेले आणि त्यानंतर मला आलेल्या फोनांतले बरेचसे याच तक्रारीचे होते.

तरीही निळाच हवा असेल तर तुम्हाला अडवणार नाही, त्या रंगाची ओढ मला कळते. मग पूर्ण ऊन आणि चारी बाजूंनी वारा लागेल अशी जागा द्या, एकच झाड लावा, आणि खाली गवत ठेवू नका. तो निळेपणा म्हणजे सुईवरचा मेणाचा थर आहे. सुई दोन बोटांत चोळली की खालचा हिरवा दिसतो. म्हणून निळ्या स्प्रूसवर तेलाची फवारणी करायची नसते, तेलाने मेण विरघळतं आणि झाड हिरवं पडतं.

आता बाकीच्या जाती. नॉर्वे स्प्रूसला ऱ्हायझोस्फेरा सहसा बाधत नाही आणि वाढही झपाट्याने होते, चांगल्या जमिनीत वर्षाला दीड ते दोन फूट. मोठा झाला की फांद्यांवरून लोंबणारे झुबके फार सुंदर दिसतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरसमोर नाताळात जे झाड उभं करतात ते बहुतेक वेळा नॉर्वे स्प्रूसच असतं, त्यावरून आकाराची कल्पना करा. साठ फूट उंची आणि पंचवीस-तीस फूट घेर पाव एकराच्या परसात मावत नाही. ज्यांच्याकडे एक-दोन एकर आहेत त्यांना मी डोळे मिटून नॉर्वे सांगते, तुम्हाला नाही.

ब्लॅक हिल्स स्प्रूस हा व्हाइट स्प्रूसचाच एक प्रकार, साउथ डकोटा आणि वायोमिंगच्या सीमेवरच्या ब्लॅक हिल्स डोंगरांतला. साउथ डकोटाने १९४७ मध्ये त्याला राज्यवृक्ष केलं. वाढ सावकाश, वर्षाला सहा ते बारा इंच, आणि म्हणूनच अंगाने गच्च भरलेला. घराजवळ तो तीस-चाळीस फुटांपर्यंत जातो आणि पंधरा-वीस फूट पसरतो, पण त्याला काही दशकं लागतात. बुरशीच्या बाबतीत तो निळ्यापेक्षा कणखर आहे, नॉर्वेइतका नाही. वारा आणि कोरडा उन्हाळा मात्र छान सोसतो. व्हाइट स्प्रूसच्या घराण्यातला असल्यामुळे सुया चुरगळल्या की थोडा उग्र वास येतो. घराबाहेर त्याचा त्रास नाही, नाताळात फांद्या घरात आणणार असाल तर लक्षात ठेवा.

दाराशी लावायला म्हणून सगळ्या दुकानांत एक शंकूसारखं चिमुकलं झाड मिळतं, ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस. १९०४ मध्ये कॅनडातल्या आजच्या लेक लुईसजवळ सापडलेल्या एका बुटक्या व्हाइट स्प्रूसची ही संतती. दिसतं गोड, पण तुमच्या वाऱ्याच्या तोंडावर ते फेब्रुवारीत भाजून निघेल आणि वसंतात त्याला कोळी (सुयांतला रस शोषणारी बारीक कीड) लागेल. आडोशाच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यातच ते सुखी असतं. कधीकधी त्यातून अचानक एक दांडगी, मोठ्या सुयांची फांदी निघते. ती मूळच्या व्हाइट स्प्रूसची असते आणि लगेच मुळापासून कापली नाही तर तीच सगळं झाड ताब्यात घेते.

लावण्याआधी एकदा चॅनहॅसनजवळच्या मिनेसोटा लँडस्केप आर्बोरेटमला जाऊन या, तुमच्या घरापासून जवळच आहे. १९५८ मध्ये सुरू झालेली जागा, त्यामुळे तिथली झाडं पूर्ण वाढलेली बघायला मिळतात. नर्सरीतल्या चार फुटी बाळाकडे बघून कोणालाच त्याचा अंतिम पसारा डोळ्यांसमोर येत नाही. शंभरातल्या नव्वद तक्रारींचं मूळ मी याच ठिकाणी पाहते.

स्प्रूस ओळखायचा कसा, हेही तिथे मुलांना दाखवा. सुई बोटांत धरून फिरवा. स्प्रूसची सुई चौकोनी असते, बोटांत गरागरा फिरते आणि टोकाला टोचते. फरची सुई चपटी आणि मऊ, फिरत नाही. पाइनच्या सुया दोन, तीन किंवा पाचाच्या जुडीत येतात. स्प्रूसची सुई गळाली की फांदीवर छोटी खुंटी राहते, म्हणून त्याची वाळकी फांदी हाताला खडबडीत लागते. नर्सरीत चिठ्ठ्यांची अदलाबदल होते, ही परीक्षा तिथे कामाला येते.

जागेचं बघू. आपल्याकडे हिवाळी वारा प्रामुख्याने वायव्येचा, म्हणजे तुमचा अंदाज बरोबर आहे. सदाहरित झाडांची ओळ तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा मंदावते, त्यामुळे झाड खिडकीला चिकटून लावायची गरजच नसते. वीस फुटी झाड चाळीस-पन्नास फुटांवरूनही काम करतं. वारा अडला की त्याच्या पाठीमागे बर्फ साचतो, म्हणून ड्राइव्हवेच्या अगदी वाऱ्याकडच्या बाजूला ओळ लावू नका, नाहीतर जानेवारीभर फावडं मारत बसाल. दक्षिणेला स्प्रूस लावू नका, डिसेंबरातलं तिरपं ऊन घरात आलं पाहिजे. रस्त्याच्या कडेपासूनही आत घ्या. बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ गाड्यांच्या चाकांनी उडतं आणि सुया जळतात.

माझी एक पद्धत सांगते. जिथे झाड यावं असं वाटतं तिथे एक खुंटी ठोका आणि दहा फुटांच्या दोरीने तिच्याभोवती वर्तुळ आखून चार झेंडे लावा. आठवडाभर ते तसंच राहू द्या. खिडकीतून बघा, मुलं कुठून पळतात बघा, शेजाऱ्याच्या कुंपणाला वर्तुळ भिडतं का बघा. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांनी आठवड्याने खुंटी हलवली आहे.

आणि फावडं घेण्याआधी ८११ वर फोन करा. फुकट आहे. काम सुरू करायच्या निदान दोन कामकाजाच्या दिवसांआधी कळवलं की गॅस, वीज, केबल कुठून गेली आहे ते रंगाने आखून देतात. नव्या वसाहतींत या वाहिन्या फार वर असतात.

नव्या वसाहतीची माती हा वेगळाच विषय आहे. बांधकामाच्या वेळी वरची काळी माती खरवडून नेतात, खालच्या चिकणमातीवर महिनोन्‌महिने अवजड यंत्रं फिरतात आणि शेवटी दोन-चार इंच माती पसरून त्यावर गवताच्या गाद्या अंथरतात. वरून हिरवंगार दिसतं, खाली फरशीसारखं घट्ट असतं. म्हणून निचरा तपासा. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. तासाला इंचभर पाणी उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तिथेच असेल तर त्या जागी स्प्रूस लावू नका, किंवा हुंडीचा (मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याचा) वरचा तिसरा भाग जमिनीच्या वर राहील असा उंचवट्यावर लावून माती रुंद उतरती करा. आपल्या शेतकऱ्यांचा ‘वाफसा’ हा शब्द मी इथल्या लोकांना अनेकदा समजावून सांगितला आहे. मातीत ओल हवी आणि तिच्यात हवाही हवी, स्प्रूसच्या उथळ मुळांना नेमकं तेच लागतं.

आठ फुटी झाडाबद्दल. शेतात वाढवलेलं एवढं झाड उपटताना त्याची बहुतांश मुळं शेतातच राहतात. हुंडी पाच-सहाशे पौंडांची, म्हणजे यंत्राशिवाय हलत नाही. खोडाच्या जाडीच्या प्रत्येक इंचामागे झाडाला रुजायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, असा इथला हिशेब आहे. तीन इंची खोडाचं झाड तीन ते साडेचार वर्षं जागच्या जागी नुसतं तग धरून असतं. तेवढ्यात कुंडीतून लावलेलं चार फुटी झाड रुजून वाढीला लागतं आणि दहा वर्षांनी दोघांतला फरक फारसा उरत नाही. पैसे वाचतात तो भाग वेगळा. लहान झाड तुम्ही दोघं मिळून एका सकाळी लावू शकता, आणि मुलांना ते आपल्या उंचीचं वाटतं.

आता खोली. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. या कामात आले त्या दुसऱ्या वर्षी एका वृद्ध बाईंच्या कुंपणालगत मी सहा नॉर्वे स्प्रूस लावले. हुंडीतली माती जिथपर्यंत होती तिथपर्यंत जमीन आणली, शिकवलं होतं तसंच. चार वर्षं झाडं ठीक होती. मग वाढ खुंटली, सुया फिकट पडल्या, आणि सातव्या वर्षी दोन झाडं गेली. मी बुंध्याशी खणलं. खरा बुंधा सहा इंच खाली होता आणि त्याच्याभोवती दोन जाड मुळं फास लावल्यासारखी आवळली होती. हुंडी बांधतानाच बुंध्यावर माती चढली होती आणि मी ती न उकरता तशीच पुरली होती. उरलेल्या चारांपैकी तीन मी वाचवले. त्या बाईंनी मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. तेव्हापासून बुंधा डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी एकही झाड खड्ड्यात ठेवलेलं नाही.

तुम्हीही तसंच करा. हुंडीच्या किंवा कुंडीच्या वरची माती हाताने उकरत जा. खोड खाली जाताना रुंद होतं आणि पहिली जाड मुळं बाजूला फुटतात, ती जागा सापडेपर्यंत. ती जागा जमिनीच्या पातळीला किंवा इंचभर वर राहिली पाहिजे. तिथून तळापर्यंत मोजा, खड्डा तेवढाच खोल घ्या, तसूभरही जास्त नाही. खालची माती मोकळी केली तर झाड नंतर खचतं. रुंदी मात्र हुंडीच्या दुप्पट ते तिप्पट. कुंडीतल्या झाडाची मुळं गोल गोल फिरलेली असतील तर धारदार चाकूने चारी बाजूंनी उभे काप द्या, घाबरू नका. हुंडीचं झाड असेल तर ते खड्ड्यात सरळ बसल्यावर दोऱ्या, गोणपाट आणि तारेची जाळी निदान वरच्या निम्म्या भागातून काढून टाका. जमिनीत गोणपाट आपोआप कुजतं असं तुम्हाला सांगतील. मी दहा वर्षांनी उकरलेल्या झाडांभोवती ते साबूत पाहिलं आहे.

खड्ड्यात शेणखत, कंपोस्ट, पीट घालायचा मोह होईल. आपल्याकडे आंब्याचा खड्डा भरायची जी सवय आहे ती इथे नको. भोवतीची चिकणमाती आणि मधे मऊ भुसभुशीत माती, असं केलं की खड्डा कुंडीसारखा पाणी धरतो आणि मुळं बाहेर जायला तयार होत नाहीत. निघालेली माती ढेकळं फोडून परत टाका, अर्ध्यावर पाणी सोडून बसू द्या, मग उरलेली टाका. पायाने दाबू नका. आधाराची काठी लागत नाही. वाऱ्यात थोडं हललं तर खोड बळकट होतं. फक्त तुमच्या त्या मोकळ्या बाजूला झाड मुळापासून डोलायला लागलं तर एक वर्षासाठी सैल पट्टा बांधा आणि वर्ष संपताच काढा.

मग आच्छादन. लाकडाचा भुगा नको, लाकडाचे तुकडे घ्या. तीन इंच जाड आणि झाडाभोवती तीन ते चार फुटांवर गोल. बुंध्यापासून चार-सहा इंच जागा मोकळी. इथे सगळीकडे खोडाशी ज्वालामुखीसारखे ढीग रचलेले दिसतील, त्यांची नक्कल करू नका. त्याने साल कुजते आणि हिवाळ्यात उंदीर तिथे बसून साल कुरतडतात. वर्तुळ दरवर्षी थोडं वाढवत न्या. गवत जितकं लांब तितकं झाड सुखी, आणि गवत कापायचं यंत्रही खालच्या फांद्यांना घासत नाही.

पाण्याचं वेळापत्रक: पहिले दोन आठवडे रोज थोडं, पुढचे दोन-अडीच महिने दोन-तीन दिवसांनी, नंतर आठवड्याला एकदा, आणि हे जमीन गोठेपर्यंत. चार फुटी झाडाला एका वेळी दोन-तीन गॅलन पुरतात. पाच गॅलनच्या बादलीला तळाशी बारीक भोक पाडून ती हुंडीशेजारी ठेवा, तासाभरात पाणी मुळांशी जिरतं आणि सुया कोरड्या राहतात. पाऊस झाला तरी बोट घालून बघा. दोन इंच खाली ओल असेल तर त्या दिवशी पाणी नको. ऑक्टोबरात लोक पाइप गुंडाळून ठेवतात, तेव्हाही तुम्ही पाणी चालू ठेवा. हा एक महिना हिवाळा ठरवतो. आणि तुषारांचं जे तोंड झाडाकडे वळतं ते लावणीच्या दिवशीच बंद करून घ्या, नंतर विसरतं.

लॉनवर खत आणि तणनाशक एकत्र फवारणारी माणसं येत असतील तर त्यांना झाडापासून लांब ठेवा. त्यातलं डायकॅम्बा मुळांतून शिरतं आणि शेंडे वेडेवाकडे होतात. २०११ मध्ये इम्प्रेलिस नावाच्या लॉनवरच्या तणनाशकाने देशभर नॉर्वे स्प्रूस आणि व्हाइट पाइन मारले होते. त्या ऑगस्टमध्ये सरकारी पर्यावरण संस्थेला त्याची विक्री थांबवावी लागली. वेगळं खत पहिली दोन वर्षं देऊच नका, नंतरही मातीची तपासणी केल्याशिवाय नाही.

पहिल्या हिवाळ्यात दक्षिण आणि पश्चिमेला, झाडापासून फूटभर अंतरावर तीन खुंट्या रोवून गोणपाटाचा पडदा करा. वायव्येचा वारा तुमच्याकडे मोकळा आहे, तर त्याही बाजूला घ्या. झाडाला गुंडाळू नका, फक्त आडोसा हवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन तापतं, सुया पाणी सोडतात आणि गोठलेल्या जमिनीतून मुळांना ते भरून काढता येत नाही. मग एका बाजूच्या सुया तांबड्या होतात. असं झालंच तर लगेच कात्री घेऊन धावू नका. सुई भाजली तरी कळी बहुधा जिवंत असते. मे महिन्यात कळ्यांवरच्या तपकिरी टोप्या गळून कोवळे पोपटी फुटवे येतात. जूनच्या मध्यापर्यंत जिथे फुटवा आला नाही तेवढंच कापा. शरद ऋतूत आतल्या, खोडाजवळच्या जुन्या सुया पिवळ्या पडून गळतात, ते नैसर्गिक आहे, त्यासाठी मला फोटो पाठवायची गरज नाही.

किडींपैकी तीनच लक्षात ठेवा. लाल कोळी थंड हवेत, म्हणजे वसंतात आणि पानगळीच्या सुमारास वाढतो. पांढऱ्या कागदावर फांदी झटका, धुळीसारखे कण चालायला लागले तर तो आहे. जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने बऱ्यापैकी आटोक्यात येतो. हे धुणं कोरड्या उन्हाच्या सकाळी करा म्हणजे सुया लगेच वाळतील. दुसरी, पिवळ्या डोक्याची सॉफ्लाय. मेच्या शेवटी ते जूनमध्ये हिच्या हिरव्या अळ्या नव्या सुया खातात आणि ब्लॅक हिल्स स्प्रूस तिचा आवडता. लहान झाडाच्या अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. बीटी नावाचं जैविक औषध यांच्यावर चालत नाही, कारण या फुलपाखरांच्या अळ्याच नव्हेत. तिसरा व्हाइट पाइन वीव्हिल हा भुंगा. याने पोखरलेला शेंडा उन्हाळ्यात मेंढपाळाच्या आकड्यासारखा वाकून वाळतो. वाळलेला भाग खाली निरोगी लाकडापर्यंत कापून नष्ट करा आणि बाजूच्या फांद्यांपैकी एक जोमदार फांदी काठीला बांधून उभी करा. एकच ठेवा, दोन शेंडे कधी ठेवायचे नाहीत. फांदीच्या टोकाला छोट्या अननसासारख्या गाठी दिसल्या तर त्या दिसायलाच वाईट, सोडून द्या. हरणांची भीती या झाडाला फारशी नाही. आडोशाला म्हणून आर्बरव्हायटी, आपल्या मोरपंखीची इथली बहीण, कोणी सुचवली तर हे आठवा, कारण हरणं तिला हिवाळ्यात खालून सोलून खातात.

छाटणीचा एकच नियम पुरे. सुया नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत स्प्रूस कापला तर तिथून तो पुन्हा फुटत नाही. खालच्या फांद्या जमिनीला टेकू द्या. वारा अडवायचं काम त्याच करतात. पाच-सहा झाडांची ओळ करायचा विचार असेल तर सगळी एकाच जातीची लावू नका, दोन झाडांत निदान पंधरा फूट सोडा आणि मधे एखादं फरचं झाड घाला. इथल्या रस्त्यांवरचे एल्म एका रोगाने गेले, त्यांच्या जागी ओळीने लावलेले ॲश २००९ मध्ये सेंट पॉलमध्ये सापडलेल्या भुंग्यामुळे जात आहेत.

राहिला पुण्याचा प्रश्न. तुमच्या आईंच्या गच्चीतलं झाड बहुधा अरौकेरिया आहे, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधल्या नॉरफोक बेटाकडचं. फांद्या मजल्यामजल्यांनी आडव्या निघतात आणि सुया टोचत नाहीत, यावरून ओळखा. त्याला थंडी नको असते. स्प्रूसला उलट दरवर्षी काही महिन्यांची कडक थंडी मिळून झोपावं लागतं, ती पुण्यात नाही. भारतात स्प्रूस आहे, हिमाचल-उत्तराखंडात ‘राई’ किंवा ‘मोरिंडा’ म्हणतात तो, पण साधारण सात हजार फुटांच्या वर, देवदारांच्या सोबतीने. तेव्हा इथून बी किंवा रोप नेऊ नका, विमानतळावर ते काढूनही घेतील. आईंना सांगा, अरौकेरिया कुंडीतच ठेवा, दर दोन-तीन वर्षांनी मापाने थोडी मोठी कुंडी द्या, आणि त्याचा शेंडा कधी खुडू नका, तो खुडला की झाड पुन्हा सरळ वाढत नाही. जमिनीत लावायचा झालाच तर विजेच्या तारांपासून आणि इमारतीपासून लांब लावा, कारण मोकळ्या जमिनीत तो चार मजल्यांच्या वर जातो.